झरियाच्या खाणींतील ‘कामीन’

झारखंडमधील धनबादजवळचे झरिया हे कोकिंग कोळशाचे देशातील प्रमुख क्षेत्र. १८९०च्या दशकात तेथे रेल्वे पोहोचली आणि संथाळ, बाउरी, भुइयाँ आदी समाजांतील कुटुंबेच्या कुटुंबे खाणींवर येऊ लागली. पुरुष टिकावाने कोळसा फोडी, तो ‘मलकट्टा’. स्त्री तो टोपलीत भरून रुळांवरच्या टबापर्यंत वाही, ती ‘कामीन’. हा शब्द ‘काम’ यापासून आलेला आहे. काव्यातील कामिनीशी त्याचा काही संबंध नाही. मजुरी ठरे ती भरलेल्या टबांवर, म्हणजे जोडीच्या श्रमावर. १९२०च्या सुमारास कोळसा खाणींतील एक तृतीयांशाहून अधिक कामगार स्त्रिया होत्या.

१९२१ मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे दुसरे अधिवेशन झरियातच भरले. अध्यक्ष होते टिळकांचे सहकारी जोसेफ बॅप्टिस्टा. खाणमालकांनी सरकारकडे संरक्षण मागितले, तरी खाणकामगार हजारोंच्या संख्येने अधिवेशनास आले. मात्र पुढील काळात संघटनांचे नेतृत्व पुरुषांकडेच राहिले आणि कामिनींचा प्रश्न प्रामुख्याने ‘संरक्षणा’चा मानला गेला.

१९२९च्या नियमांनी भूमिगत कामातून स्त्रियांना टप्प्याटप्प्याने वगळण्याचे ठरविले आणि १९३०च्या दशकातच ही बंदी पूर्ण झाली. खाणीतील अंधार, कोंदट हवा, छत कोसळण्याची भीती पाहता तिचा हेतू मानवतेचा होता, हे नाकारता येणार नाही. परंतु बाहेर पडलेल्या स्त्रीला दुसरे काम कोणी दिले नाही. टोपली वाहणारे हात गेले, तेव्हा जोडीची कमाई एकट्यावर आली.

दुसऱ्या महायुद्धात कोळशाची टंचाई भासताच, १९४३ मध्ये, तीच बंदी उठविण्यात आली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबाद परिसरातील खाणीत उतरले. कायदेमंडळात त्यांनी हा निर्णय आणीबाणीचा व तात्पुरता असल्याचे सांगून त्याचे समर्थन केले. स्त्रीला पुरुषाइतकेच वेतन हे तत्त्व त्यांनी आग्रहाने मांडले. कोळसा खाण कामगार कल्याण निधी १९४४ मध्ये सुरू झाला. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभ कायद्यातही याच काळात सुधारणा झाल्या. युद्ध संपले आणि १९४६ मध्ये बंदी परत आली. १९५२च्या खाण कायद्याने ती कायम केली.

१९७१ ते १९७३ या काळात कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. नोकरी पक्की झाली, वेतन वाढले, आणि नेमक्या याच नोकऱ्या स्त्रियांच्या हातून निसटू लागल्या. यंत्रांनी भरणीचे काम घेतले. पुढे स्वेच्छानिवृत्तीच्या खास योजनांमधून कामीन आपली जागा मुलाला किंवा जावयाला देऊ शके. बेरोजगार तरुण घरात असताना ही निवड कितपत ‘स्वेच्छे’ची होती, हे सांगणे अवघड आहे.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने स्त्रियांना पुन्हा भूमिगत खाणीत उतरण्याची मुभा दिली. तेव्हाची अट अशी होती की, त्यांची लेखी संमती हवी, वेळ सकाळी सहा ते सायंकाळी सात, आणि काम तांत्रिक, देखरेखीचे वा व्यवस्थापकीय असावे. कोळसा भरण्याचे काम त्या यादीत नव्हते.