धान्याचे पेव आणि काचेचे बीळ

निजामाच्या अमदानीत बीड जिल्ह्यातील शेताशेताचा आकार पटवाऱ्याच्या दफ्तरी नोंदला जात असे. परंतु सुगी उलटल्यावर बालाघाटाच्या उतरणीवरील माळांत जी दुसरी साठवण चाले, तिची जमाबंदी कोणी केली नाही. ही साठवण मुंग्यांची. बिळाच्या तोंडाभोवती पडलेले कोंड्याचे कडे पाहून गुराख्याच्या पोरालाही जे उमगे, ते युरोपातील पंडितांस पटण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. कारण ज्या थंड मुलुखातील मुंग्या त्यांनी अभ्यासल्या होत्या त्या धान्य साठवीत नाहीत, आणि आपल्या अंगणात जे नाही ते जगातही नसावे असे मानण्याची खोड विद्वानांस सर्वत्र सारखीच असते.

या वादात ज्याची साक्ष मोलाची ठरली तो कर्नल विल्यम हेन्री साइक्स १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय पाहणी करीत होता. पूर्वेकडे त्याचा मुलूख अहमदनगरपर्यंतचा. पलीकडे निजामाची हद्द लागे, आणि म्हणून बीडच्या मुंग्या त्याच्या कागदात आल्या नाहीत. पुण्याच्या परेडच्या मैदानाजवळ पावसाळा सुरू होताच त्याला गवताच्या बियांच्या मूठमूठभर राशी दिसल्या: बिळातील साठा भिजला म्हणून मुंग्या तो उन्हात वाळवीत होत्या. पुढे १८३५ च्या सुमारास लंडनच्या कीटकशास्त्र मंडळाच्या ग्रंथमालेत त्याने हे प्रसिद्ध केले. त्याच्याच घरी मिठाईच्या मेजाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले असता मुंगळे भिंतीवर चढून वरून मेजावर उड्या टाकीत, ही त्याने सांगितलेली हकीकत मराठवाड्यातील कोणत्याही गृहिणीस नवी वाटणार नाही.

गंमत अशी की, मुंगीस पाळण्याची विद्याही याच पाण्यावर उभी राहिली. सर जॉन लबक याने दोन काचांमध्ये मातीचा पातळ थर घालून मुंग्यांची बिरादरी नांदविली, भोवती पाण्याचा खंदक केला, आणि १८८२ साली मुंग्यांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. येथे खंदक मुंगीस आत राखण्यासाठी होता. त्याच्या एका राणीने सुमारे चौदा वर्षांचे आयुष्य भोगले. १९५६ मध्ये अमेरिकेत मिल्टन लेव्हाईन याने या काचेच्या बिळाचे खेळणे करून ते घरोघर पोहोचविले.

मात्र धान्य भूमीच्या उदरात राखण्याची कला बीडकरांस मुंगीइतकीच अवगत होती. काळी माती ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पेव गावठाणाच्या पांढरीत किंवा घट्ट मुरमात खणले जाई, तोंड अरुंद आणि पोट विस्तीर्ण, आत कडब्याचे अस्तर, वर दगड आणि माती. पेव उघडल्यावर कोंडलेली विषारी वाफ निघून जाईपर्यंत त्यात कोणी उतरत नसे. उतावीळपणाने प्राणास मुकलेल्यांच्या गोष्टी गावोगाव सांगितल्या जात. पोती आणि वखारी आल्या, आणि पेवे बुजत गेली. मुंगीने मात्र आपली रीत सोडलेली नाही.

ज्याला घरी काचेचे बीळ करावयाचे असेल त्याने पेव खणणाराचेच शहाणपण घ्यावे. मोठ्या बरणीत एक लहान बरणी ठेवून मधल्या पोकळीत त्याच बिळाजवळची चाळलेली, किंचित ओली माती भरावी. काळी माती टाळावी, कारण ती सुकली की भेगाळते आणि बोगदे ढासळतात. काचेला बाहेरून काळा कागद गुंडाळावा आणि पाहण्यापुरताच काढावा. राणी नसेल तर वसाहत काही महिन्यांतच ओसरते, आणि बीळ उकरून राणी काढणे म्हणजे चालता संसार उद्ध्वस्त करणे. त्यापेक्षा मृगाच्या पहिल्या सरीनंतर दिव्यापाशी पंखवाल्या मुंग्या येतात, त्यांतील पंख टाकून जमीन हुंगत फिरणारी मादी उचलावी. गवताचे बी, बाजरीचे दाणे आणि ओला कापूस इतकेच तिच्या वंशास पुरते, परंतु पहिल्या कामकरी मुंग्या निपजेपर्यंत तिला काही खाऊ घालण्याच्या भरीस पडू नये. तोवर ती आपल्या अंगच्या मांसावरच निर्वाह करते.