दारूखाना : भंगाराची जागा आणि परवानगीचा अधिकार

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील दारूखाना या नावात बंदुकीच्या दारूच्या कोठाराची स्मृती आहे. पुढे तेथे जुनी जहाजे तोडून पोलाद काढण्याचा व्यवसाय वाढला. दोन्ही कामे वस्तीपासून दूर असावीत अशीच. पण वस्ती किनाऱ्यापर्यंत येऊन भिडली.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 नुसार जमिनीचा वापर बदलण्यास नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. दारूखान्यात मात्र जमिनीची मालकीच निर्णायक ठरली. 1873 मध्ये स्थापन झालेला पोर्ट ट्रस्ट येथील जमीनदार. जहाज तोडण्यास जागा देणाराही तोच. जागेच्या योग्यतेचा प्रश्न त्यामुळे भाड्याच्या व्यवहारात विरून गेला. 1983 मध्ये गुजरातेत अलंग येथे जहाजतोडणी सुरू झाल्यावर दारूखान्याचे महत्त्व घटले, व्यवसाय मात्र थांबला नाही.

14 ऑक्टोबर 2003 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तोडणीपूर्वी जहाजातील घातक द्रव्ये काढली जावीत व राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांनी त्याची खात्री करावी, असे निर्देश दिले. जमीनमालकाच्या संमतीला बाहेरची अट जोडली गेली. तरीही 2014 मध्ये ‘विक्रांत’ ही युद्धनौका सुमारे 60 कोटी रुपयांना भंगारात निघून येथेच तोडली जाऊ लागली, तेव्हा वाद गाजला तो तिच्या स्मारकाचा. तोडणीच्या जागेचा, तेथे राबणाऱ्या कामगारांचा नव्हे.

2018 मध्ये राज्य शासनाने पोर्ट ट्रस्टलाच त्याच्या जमिनीसाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. मालक आणि परवानगी देणारा पुन्हा एकच झाला, या वेळी कायद्याने.