ग्वाल्हेरचं गाणं आणि एक आर्मेनियन घराणं

ग्वाल्हेर म्हटलं की आपल्याला गोपाचलच्या कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती आठवतात. गाण्याची आवड असेल तर राजा मानसिंह तोमर आणि त्याच्या दरबारात वाढलेलं ध्रुपद आठवतं. याच गाण्याचा मागोवा घेताना मला एक आर्मेनियन घराणं भेटलं.

ग्वाल्हेरचं गाणं तानसेनाबरोबर अकबराच्या दरबारात गेलं. ‘आईन-ए-अकबरी’तल्या गवयांच्या यादीत कितीतरी जण ग्वाल्हेरचेच आहेत. त्याच दरबारात सिकंदर नावाचा आर्मेनियन होता, मूळचा आलेप्पोचा. अकबराने अब्दुल हय या आर्मेनियन सरदाराच्या मुलीशी, ज्युलियानाशी, त्याचं लग्न लावून दिलं. त्यांना दोन मुलगे झाले. त्यांतला एक मिर्झा झुल्करनैन.

मुलं लहान असतानाच ज्युलियाना वारली. मुलं वाढली बादशाही जनानखान्यात. नाव अरबी, गाणं हिंदी, चाकरी मोगलांची. सांभरच्या सरकारी मिठागरांचा कारभार झुल्करनैनकडे होता, पुढे तिथली फौजदारीही मिळाली. जहांगीराने आपल्या आठवणींत त्याच्या हिंदी गाण्यांचं आणि रचनांचं कौतुक केलं आहे.

धर्म मात्र त्याने सोडला नाही. जहांगीराने लहानपणी दोघां भावांवर धर्म बदलण्यासाठी जबरदस्ती केली, चाबकाचा मार दिला. 1632 मध्ये हुगळीचं पोर्तुगीज ठाणं पडल्यावर शाहजहानची नजर आग्र्याच्या ख्रिश्चनांवर वळली. तेव्हा झुल्करनैनला कैद झाली, छळ झाला, संपत्ती गेली. तरी तो बधला नाही. पुढे त्याच बादशहाने त्याला पुन्हा चाकरीत घेतलं.

हे वाचताना गोपाचल डोळ्यांपुढे येतो. पंधराव्या शतकात तोमरांच्या काळी कोरलेल्या त्या मूर्ती फोडण्याचा हुकूम दिल्याचं बाबराने स्वतःच लिहून ठेवलंय. कित्येक मूर्तींचे चेहरे गेले. आपल्या लोकांनी नंतर चुन्याने ते बसवले, पूजा चालू ठेवली.

आपल्यात मुलगी परगावी शिकायला गेली, तिची बोली बदलली, पोशाख बदलला, की लगेच म्हणतात, “ही काय आता आपली राहिली?” म्हणणाऱ्या बहुतेक आपण बायकाच असतो! झुल्करनैनला तर घरचं वळण लावायला आईसुद्धा नव्हती. परक्या महालात वाढून, परक्या भाषेत गाऊनही तो आपल्या श्रद्धेला धरून राहिला. आणि ते हिंदी गाणं तरी त्याला परकं कुठे होतं? मग भाषा आणि कपडे बघून लेकीबाळींची पारख करायची घाई कशाला? पर्युषणात ती उपवास धरते का, खोटं बोलताना तिची जीभ अडखळते का, एवढं विचारावं. बाकी तिचं गाणं तिला गाऊ द्यावं.