परक्याचं हाड

"कुणाचं असेल गं ते हाड?" आईने जेवता जेवता विचारलं आणि माझा घास हातातच राहिला.

तर झालं असं. सतरा वर्षांपूर्वी बसवलेला तिच्या खुब्याचा कृत्रिम सांधा सैल झालाय. वाटीमागचं हाड पोखरलं गेलंय. नवी वाटी बसवली तरी ती टेकणार कशावर? डॉक्टर म्हणाले, आधी दुसऱ्याच्या हाडाचा चुरा भरू.

मग काय, मी वाचायला बसले.

इंग्लंडमधल्या राइटिंग्टनला जॉन चार्नली यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस टेफ्लॉनची वाटी वापरली. ती काही वर्षांतच झिजली आणि शेकडो रुग्णांची पुन्हा ऑपरेशनं करावी लागली. टेफ्लॉन शरीरात काय करतं हे बघायला या माणसाने ते स्वतःच्याच मांडीत टोचून घेतलं! १९६२ साली त्यांनी पॉलिथिलीनची वाटी आणली. ती टिकली, पण झीज थांबली नव्हती, फक्त मंदावली होती. पुढे हाड पोखरलेलं दिसलं की बोट सांध्यातल्या सिमेंटकडे जायचं. खरा मोठा दोष प्लॅस्टिकच्या सूक्ष्म कणांचा, हे नंतर उमगलं. आपल्या पेशी ते कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. त्या गडबडीत शरीर स्वतःचंच हाड खात सुटतं.

यावरचा एक उपाय नेदरलँड्समधल्या नायमेखनचा. टॉम स्लूफ आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली तो प्रसिद्ध केला. भगदाडावर तारेची जाळी लावायची, हाडाचे तुकडे ठोकून ठोकून घट्ट भरायचे आणि वर सिमेंट लावून वाटी बसवायची. एक्सेटरच्या रॉबिन लिंग, ग्रॅहॅम गी यांनी हेच मांडीच्या हाडात केलं. परकं हाड म्हणजे नुसती पराती. तिच्या आधाराने हळूहळू आपलं जिवंत हाड वाढतं.

आणि ते हाड येतं कुठून? बहुतेकदा पहिल्यांदा खुबा बदलणाऱ्यांकडून. त्यांचा काढलेला गोळा तपासून उणे ८० अंशांत ठेवतात. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये १९८८ पासून ऊतिपेढी आहे. तिथे गॅमा किरणांनी ऊती निर्जंतुक करतात.

हे सगळं आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझा गोळा काढला होता, तो कुठे गेला?"

"टाकून दिला असेल."

"विचारलं असतं तर दिला असता की."