तापमानासाठी न घडवलेला तापमापक

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतक्या अरुंद जागेतले तापमान मोजण्याचा इतिहास बहुधा १९८६ पासून सांगितला जातो. मी मात्र बर्लिनमधील १८२१ हे साल आधी घेतो. उपकरण हाती यावे, पण ते नेमके काय दाखवते आहे हे ओळखायला वेळ लागावा, असा योग या इतिहासात वारंवार येतो, आणि त्याची पहिली खूण तिथे सापडते.

सीबेक या शास्त्रज्ञाने दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या जोडून एक कडे केले आणि एक सांधा तापवला. शेजारची होकायंत्राची सुई हलली. उष्णतेतून चुंबकत्व निर्माण होते, असा अर्थ त्याने काढला आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाशीही त्याची सांगड घातली. वस्तुतः कड्यातून विद्युतप्रवाह वाहत होता व त्यामुळे सुई हलत होती. हे ओळखले ओरस्टेडने. दोन धातूंचा तो सांधा म्हणजेच आजचे थर्मोकपल. सांधा जितका लहान, तितकी मोजण्याची जागा लहान.

आता एकदम १९८१ मध्ये येऊ. झुरिचच्या आयबीएम प्रयोगशाळेत बिनिग आणि रोहरर यांनी असा सूक्ष्मदर्शक घडवला, की त्याची अतितीक्ष्ण सुई पृष्ठभागावरून फिरत अणूंचे उंचवटे टिपत असे. पण सुई आणि पृष्ठभाग यांच्यात वीज वाहणे आवश्यक होते. विद्युतरोधक पदार्थांपुढे हे यंत्र आंधळे ठरे.

ही उणीव भरून काढण्यासाठी आयबीएमच्याच अमेरिकेतील प्रयोगशाळेत विल्यम्स आणि विक्रमसिंघे यांनी १९८६ मध्ये निराळी सुई केली. टोकाशी सुमारे १०० नॅनोमीटरचे थर्मोकपल. सुई तापवायची आणि पृष्ठभागाजवळ न्यायची. ती जवळ जाताच मधल्या हवेतून उष्णता निसटते आणि टोक थंडावते. टोकाचे तापमान स्थिर राहील अशा अंतरावरून सुई फिरवली की पृष्ठभागाचा चढउतार आपोआप रेखाटला जातो. खालचा पदार्थ कोणता आहे याने विशेष फरक पडत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण मानला गेला. म्हणजे पहिली औष्णिक सुई पदार्थाच्या उष्णताविषयक गुणांकडे दुर्लक्ष करते म्हणून नावाजली गेली!

तिला उलट कामाला लावणाऱ्यांत अग्रणी ठरले अरुण मजुमदार. १९८५ मध्ये पवईच्या आयआयटीतून पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले होते. १९९३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या टोकाशी थर्मोकपल बसवून चालू ट्रान्झिस्टरचा उठाव आणि तापमान यांची चित्रे एकाच वेळी घेतली. याची निकड खरी होती. चिप निकामी होते ती तिच्या सर्वांत तप्त ठिपक्यापाशी. सरासरी तापमान तो ठिपका लपवते.

चित्रे देखणी होती, पण सुई कोणाचे तापमान सांगत होती? सुईकडे येणारी उष्णता केवळ स्पर्शबिंदूतून येत नाही. भोवतालच्या हवेतूनही येते, टोकाशी साचणाऱ्या पाण्याच्या सूक्ष्म थरातूनही येते. पुढे मजुमदार आणि ली शी यांनी या वाटा वेगळ्या करून तपासल्या. माझ्या मते उघड्या हवेत घेतलेल्या त्या आरंभीच्या चित्रांतील आकडे आजही जपूनच वाचावेत.

त्याहून खोल अडचण फूरिएच्या १८२२ च्या नियमाची. पावलोपावली टकरा खात उष्णता पसरते, असे तो गृहीत धरतो. सिलिकॉनमध्ये मात्र उष्णता वाहणारी स्फटिकाची कंपने, म्हणजे फोनॉन, टक्कर न होता दहा-वीस नव्हे तर शेकडो नॅनोमीटरही जाऊ शकतात. तेवढ्या अंतरात ‘इथले तापमान’ हा शब्दप्रयोगच डळमळतो.

मग सुई बाजूला ठेवून वस्तूच अधांतरी टांगण्याची युक्ती पुढे आली. २००१ मध्ये किम, शी, मजुमदार आणि मॅक्युएन यांनी दोन तरंगत्या बेटांमध्ये कार्बनची एकच नॅनोनलिका ताणली. एक बेट तापवले, दुसरे किती तापते ते पाहिले. सामान्य तापमानाला वाहकता ३००० वॅट प्रति मीटर-केल्विनहून अधिक निघाली. तांब्याची जेमतेम ४०० असते. नलिकांच्या गुंत्यावरून पूर्वी काढलेला अंदाज याच्या सुमारे शंभरपट कमी होता.

त्याआधी, २००० मध्ये, कॅलटेकमध्ये श्वाब, रूक्स आणि सहकाऱ्यांनी एक केल्विनहूनही कमी तापमानात वहनाची कमाल मर्यादा गाठली होती. फोनॉनच्या एका मार्गातून एक केल्विनला दर अंशाच्या फरकामागे सुमारे एक पिकोवॅट, म्हणजे वॅटच्या एक लाख कोटींश भागाइतकी, उष्णता जाते. तापमान वाढेल तशी ही मर्यादा त्याच प्रमाणात वाढते. पदार्थ कोणताही असो, ती ओलांडता येत नाही.

२०१७ मध्ये मिशिगन विद्यापीठ आणि झुरिचची आयबीएम प्रयोगशाळा, दोहोंनी स्वतंत्रपणे सोन्याच्या एकेका अणूच्या सांध्यातून वाहणारी उष्णता मोजली, तीही खोलीच्या तापमानाला. येथे वाहक फोनॉन नव्हते, इलेक्ट्रॉन होते. तरीही आकडे त्याच मूलभूत परिमाणाच्या पायऱ्यांवर बसले.