साठ मुखवट्यांचा हिवताप

शहापूर-मुरबाडकडच्या जुन्या घरांत दाराजवळच्या भिंतीवर तारखा लिहिलेल्या असायच्या. आरोग्य कर्मचारी यायचा, कुणाला ताप आहे का विचारायचा, बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि भिंतीवर तारीख टाकून पुढच्या पाड्यावर जायचा. गोवर एकदा येऊन गेला की सहसा परत येत नाही. मग त्याच पोराला हिवताप पुन्हा पुन्हा का होतो?

उत्तराचा धागा पोटात आहे. 1840च्या दशकात डेम्पस्टर नावाच्या इंग्रज डॉक्टरने यमुनेच्या कालव्यांकाठी लोकांची पोटं चाचपून पाहिली. जिथे जास्त जणांची पानथरी वाढलेली, तिथे हिवताप जास्त. पानथरी म्हणजे रक्ताची गाळणी. बिघडलेल्या तांबड्या पेशी ती बाजूला काढते. रोनाल्ड रॉसने 1897मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हा परजीवी शोधला. पण तो गाळणीतून निसटतो कसा, हे कळायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं गेली.

फाल्सिपेरम हा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की तिच्या पृष्ठभागावर एक चिकट प्रथिन पाठवतो. पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते आणि पानथरीपर्यंत पोचतच नाही. मेंदूतल्या वाहिन्यांत असं झालं तर जिवावर बेततं. पण बाहेर दिसणारं प्रथिन आपली प्रतिकारशक्तीही ओळखते. म्हणून परजीवी ते बदलत राहतो.

ही प्रथिनं बनवणारी 'व्हार' जनुकं 1995मध्ये सापडली. 2002मध्ये संपूर्ण जनुकसंच वाचून झाला: 14 गुणसूत्रं, सुमारे 5,300 जनुकं, त्यांत साधारण 60 व्हार. त्यांची मांडणी बघण्यासारखी आहे. बहुतेक व्हार गुणसूत्रांच्या टोकांजवळ आहेत, बाकीची काही मोजक्या गुणसूत्रांच्या मधल्या भागात. साठ फाइली, पण एका वेळी चालू एकच, बाकीच्या कुलूपबंद. टोकं केंद्रकाच्या कडेला एकत्र गोळा होतात आणि तिथे जनुकांचे तुकडे आपसांत बदलतात. त्यातून नवे मुखवटे तयार होतात. एकाच डासाच्या पोटात दोन वेगळे वाण भेटले तर आणखी सरमिसळ. रोजच्या कामाची जनुकं मात्र गुणसूत्रांच्या आतल्या भागात शाबूत राहतात. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या परजीवीचा जनुकसंच 2008मध्ये वाचला गेला. त्यातही 'व्हिर' कुटुंबाची 346 जनुकं निघाली, तीही टोकांकडेच.

देशाचा इतिहासही यापेक्षा सरळ नाही. 1953मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आला, 1958मध्ये निर्मूलनाचा. 1965च्या सुमारास वर्षाला लाखभर रुग्ण उरले. 1976मध्ये तोच आकडा 64 लाखांवर गेला. डास डीडीटीला दाद देईनासे झाले होते आणि यंत्रणाही सैल पडली होती.

म्हणूनच लसीसाठी शास्त्रज्ञांनी मुखवट्यांच्या मागे धावणं टाळलं. डास चावताना जे रूप शरीरात शिरतं, त्याच्या अंगावरच्या प्रथिनाचं जनुक एकच असतं. आर-21 ही लस त्याच प्रथिनावर बेतलेली. ऑक्सफर्डने तयार केली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली, आणि 2023मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. तिची पहिली मोठी गरज आफ्रिकेतल्या मुलांना आहे.

आपल्याकडे अजून मदार मच्छरदाणीवर, वेळेवर पूर्ण घेतलेल्या गोळ्यांवर आणि त्या काचेवरच्या थेंबावर. मुखवटा कुठलाही असो, रंगवलेल्या थेंबात परजीवी दिसू शकतो. भिंतीवरच्या तारखेला म्हणूनच किंमत होती.