क्रॉस-प्लॅटफॉर्म मोबाइल अ‍ॅप विकसन

एकदाच लिहिलेल्या आज्ञावलीतून अँड्रॉइड व आयओएस या दोन्ही कार्यप्रणालींसाठी अ‍ॅप तयार करण्याच्या पद्धतीस क्रॉस-प्लॅटफॉर्म मोबाइल अ‍ॅप विकसन असे म्हणतात.

पार्श्वभूमी

अँड्रॉइडसाठी प्रारंभी जावा व पुढे कोटलिन, तर आयओएससाठी ऑब्जेक्टिव्ह-सी व २०१४ पासून स्विफ्ट या भाषा वापरल्या जाऊ लागल्या. त्यामुळे एकच अ‍ॅप दोनदा लिहावे लागे आणि दोन्हींची देखभालही स्वतंत्रपणे करावी लागे. लहान संस्थांना हा खर्च न परवडल्यास एका प्रणालीचे वापरकर्ते अ‍ॅपपासून वंचित राहत.

प्रमुख साधने

• रिअ‍ॅक्ट नेटिव्ह : फेसबुकने २०१५ मध्ये मुक्त स्रोत स्वरूपात प्रसिद्ध केले. जावास्क्रिप्टमधील आज्ञावली त्या त्या प्रणालीचेच मूळ दृश्य घटक पडद्यावर आणते.
• फ्लटर : गूगलच्या या साधनाची १.० आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. त्याची भाषा डार्ट आहे. बटणे, सूची इत्यादी घटक ते स्वतःच रेखाटते; म्हणून दोन्ही प्रणालींवर अ‍ॅप सारखे दिसू शकते.
• कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म : जेटब्रेन्स कंपनीने २०२३ मध्ये याची स्थिर आवृत्ती घोषित केली. सामायिक भाग एकदाच लिहून दृश्य भाग प्रत्येक प्रणालीसाठी वेगळा ठेवता येतो.

मर्यादा

कार्यप्रणालीतील नवी सुविधा साधनात येईपर्यंत थांबावे लागते किंवा मूळ भाषेत पूरक आज्ञावली लिहावी लागते. शिवाय अ‍ॅपचे आयुष्य साधनाच्या आयुष्याशी बांधले जाते. मायक्रोसॉफ्टने १ मे २०२४ रोजी झॅमरिनचे समर्थन थांबवले. त्यामुळे त्यावर बेतलेली अ‍ॅप अद्ययावत ठेवण्यासाठी ती डॉटनेट माउई किंवा अन्य साधनांवर नेणे विकसकांना भाग पडले.